चिठ्ठीखालचं नाव

शेवटच्या भेटीत वासुदेव ठवकर मला त्याच्या घरून कारध्याच्या पुलापर्यंत सोडायला आला होता. दम लागत होता, तरी आला. पुलाशी थांबून त्याने नेहमीचंच विचारलं, "काही राह्यलं का रे?" मी पिशवी चाचपली, छत्री आहे ना ते पाहिलं आणि म्हणालो, "नाही." तीन आठवड्यांनी तो गेला. आता त्यालाही महिना होऊन गेला. राहिलं होतं... बरंच राहिलं होतं, आणि ते आज चारचौघांत सांगायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघं नागपूरच्या एका कचेरीत संगणक विभागात होतो. वासू भंडाऱ्याला नागपूरच्या एस.टी.त बसे, मी वाटेतल्या शहापूरला चढे. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून त्याने माझी जागा धरलेली असायची. कचेरीतलं मेनफ्रेम यंत्र चार कपाटांएवढं, स्मृती मात्र तुटपुंजी. सुट्या भागांची यादी राखणारा सी भाषेतला प्रोग्राम मी लिहिला होता. माहिती स्मृतीत कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता चार खान्यांत लिहावा लागे, पण यंत्र त्यातले तीनच वाचायचं. मला शहाणपण सुचलं. चौथ्या, रिकाम्या खान्यात मी माझ्या खुणा कोंबल्या : हा भाग संपला, हा मागवला. जागा वाचली, साहेबांनी पाठ थोपटली. वासूने मात्र प्रोग्रामचा छापील कागद वाचून सांगितलं होतं, "दिलीप, हे एखाद्या दिवशी अंगावर येईन." मी त्याला भित्रा म्हणालो आणि सगळ्यांसमोर हसलो.

काही वर्षांनी नवं यंत्र आलं, नवे साहेबही आले. हे यंत्र चौथा खानाही वाचायचं. पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मी खरडलेला निरोप नव्या पोस्टमनने पत्ता समजून वाचावा आणि भलत्याच गावी जावं, तशी माझ्या प्रोग्रामची गत झाली. जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर नेण्याचं काम वासूकडे होतं. साहेबांना दाखवताना माझाच प्रोग्राम कोसळला. कारण मला त्याच क्षणी कळलं. साहेबांनी छापील कागद मागवला. वासू शेजारच्या खोलीत गेला आणि जरा वेळाने घेऊन आला. छापील कागदाच्या माथ्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याने हाताने आपलं नाव टाकायचा आमच्याकडे रिवाज होता. साहेबांनी नाव वाचलं : ठवकर. मी चमकलो. वासू माझ्याकडे पाहत होता... पुष्कळ वेळ पाहत होता. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग तो खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली साहेब, दुरुस्त करून देतो."

नव्या यंत्राच्या गटात एकच जागा होती आणि ती मला हवी होती. मिळाली. वासूने सगळे खाने निस्तरले, आणि मग त्याची रवानगी जुन्या फायलींच्या खोलीत झाली. त्याच्याइतका यंत्र जाणणारा माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता, पण पुन्हा त्याचा हात यंत्राला लागला नाही. प्रोग्राम कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी शहापूरला गाडीत चढलो, तर माझ्या जागेवर त्याची पिशवी होती. त्याने ती उचलून मांडीवर घेतली. मी बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बसलो. आणि पुढे कितीतरी वर्षं बसत राहिलो.

तेरवी झाल्यावर वहिनींनी कपाटातून एक पिवळा पडलेला गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. तोच छापील कागद. माथ्यावर डिंकाने चिकटवलेली पांढरी चिठ्ठी, तिच्यावर वासूच्या सुबक अक्षरात त्याचं नाव. डिंक वाळून चिठ्ठी एका बाजूने उचलली गेली होती. खाली माझं नाव होतं.

मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मले माहीत हाये, भाऊजी. मी त्याईले म्हटलं होतं, तुमीच काहून सांगून टाकत नाही? तं म्हणे, त्याले सांगायचं असन तं तो सांगन. म्हणून तं दर खेपेले तुमाले विचारत होते."

दर खेपेला, पुलाशी थांबून. आणि मी दर खेपेला पिशवी चाचपायचो.