किरायादार मामा

भाडेकरूंचे नियम बदलणार अशी बातमी आली की मला अजूनही पाय लपवावेसे वाटतात. समोर कोणी वाकलेलं नसतं, मी आपली खुर्चीवर चहा घेत बसलेली असते, तरी पाय आपोआप साडीच्या आत जातात. परवाही तसंच झालं. घरमालक आणि भाडेकरू यांच्यासाठी नवे नियम येऊ घातलेत, असं पेपरात होतं. मुलगा म्हणाला, "आई, मागच्या खोल्यांतल्या मुलींकडून नवीन करार करून घे." मी त्याच्यावर उगाचच खेकसले. बाबांच्या माघारी माझ्याकडे आलेल्या त्या खोल्यांत आधी कोण राहत होतं, हे त्या बिचाऱ्याला मी कधी सांगितलेलंच नाही. सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, लपवण्यासारखंच होतं.

आमच्या भागात भाचा-भाचीला फार मान. इथे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच भाचीच्या पाया पडतो. बाहेरून बदलून आलेल्या लोकांना ते पाहून हसू यायचं. मिशा पिकलेला माणूस नाक पुसणाऱ्या पोरीपुढे वाकतो म्हणजे काय! पण आम्हाला त्यात वावगं वाटत नसे. माझी अडचण वेगळीच होती. माझी आई जवळच्याच शहापूरची, आईबापांची एकुलती एक. तिला भाऊ नव्हता, म्हणून मला मामा नव्हता. मैत्रिणी दिवाळीनंतर मामाच्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या की मी तोंड फुगवून उठून जायची.

मग किरायादार आला. भंडाऱ्यात विणकरांच्या गल्लीत आमचं कौलारू घर. पुढे आम्ही, मध्ये मागाची खोली, मागे किरायाच्या दोन खोल्या. हा किरायादार दिघोरीचा. गावाकडे भाऊ धानाची शेती पाहायचे आणि हा इथे एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला लागला होता. बायकोला घेऊन आला, खोल्या झाडल्या, आणि पहिल्याच राखीला हातात नारळ घेऊन आमच्या दारात उभा.

"बाई, मले बहीण नाही," तो आईला म्हणाला. "तुमाले भाऊ नाही म्हणते. मंग दोघायनंबी असंच हात हलवत काहून बसाचं?"

आई हसली, आत गेली, हळदीत बुडवलेला सुताचा धागा घेऊन आली आणि त्याच्या मनगटाला बांधला. विणकराच्या घरात धाग्याला काय तोटा. धागा बांधून होताच तो माझ्याकडे वळला आणि वाकला. मी घाबरून मागाच्या खोलीत पळाले. तो मागून ओरडत होता, "पळू नोको माय, मले पाप लागते!" त्या दिवसापासून मला मामा होता, आणि तो मी शाळेत मिरवला.

पुढे सगळं नात्यासारखं झालं. गावाहून आला की तो नवा तांदूळ आणायचा. मामी आईजवळ बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. किराया वेळेवर यायचा, पण बाबांनी पावती कधी फाडली नाही. बायकोच्या भावाला कोणी पावती देतं का! पुढे त्या न फाडलेल्या पावत्यांनीच आमचं घर पोखरलं.

मग जिल्हा फुटला. गोंदिया वेगळा झाला आणि तिकडच्या नव्या कचेऱ्यांसाठी साहेब, बाबू निघाले. गल्लीतल्या किरायाच्या खोल्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या. ज्यांच्या रिकाम्या झाल्या ते रडत होते, आणि ज्यांच्या भरलेल्या होत्या तेही रडत होते. कारण त्याच सुमाराला बातमी पसरली की विदर्भाचे किरायाचे वेगळे नियम जाऊन साऱ्या राज्याला एकच कायदा होणार. त्यात काय असणार हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रत्येकाला सगळं माहीत होतं. पानठेल्यावर एक जण म्हणे, आता मालक म्हणेल त्या दिवशी खोली सोडावी लागणार. दुसरा म्हणे, छे, जो जिथे राहून राहिला ते घर त्याचं. बाबांना ऐकू आलं ते दुसरं.

बाबा लबाड नव्हते, भित्रे होते. हातमाग बसत चालले होते, गल्लीतले निम्मे माग मुके झाले होते. ते घर आजोबांनी मागावर बसून बांधलेलं. घर गेलं तर आपल्याजवळ आहेच काय, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला आणि तो काढायला ते गेले नेमके गल्लीच्या टोकाच्या अर्जनवीस काकांकडे. हे कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत. काळा कोट नव्हता, बाकी तोरा सगळा वकिलाचा.

काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी दाराशी होते, म्हणून सगळं ऐकलं.

"पावती देता काय त्याले?"

"नाही जी. राखीचा भाऊ हाय तो तिचा."

काकांनी मांडीवर थाप मारली. "झालं! बहीण-भावात किराया असते काय? उद्या नवा कायदा आला अन् तो कोर्टात म्हणाला, मी किरायादार नाहीच, घरचा माणूस हाव, तर? पुरी गल्ली साक्ष देईन. पोरगी मामा म्हणते, तो तिच्या पाया पडते. किरायादाराले काढता येते, घरच्याले कसं काढसान?"

"मंग काय करू?"

"आधी नातं सोडवा. यंदा राखी बांधू देऊ नोका. मंग तो निव्वळ किरायादार. बाकीचं मी पायतो."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण मी शाळेत शिकले होते, तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कायदा अजून कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता आणि आमच्या घरात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. बाबांनी मला बोलावलं आणि खाली मान घालून सांगितलं, "आजपासून मामा नोको म्हणू."

"मंग काय, ओ किरायादार, अशी हाक मारू?" मी विचारलं. मला वाटलं थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

राखीच्या दिवशी आईने शहापूरला निघून जावं असं बाबांनी ठरवलं होतं. ती गेली नाही. तिचं भांडण असं कधी ऐकू यायचं नाही, ती नुसती जागची हलायची नाही. शेवटी बाबांनी तिला मागाच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. ती बसलीही. मला आजही तिचा राग येतो तो एवढ्याचसाठी. जायचं नव्हतं तर दार उघडून बाहेर यायचं होतं. पण तेव्हाच्या बाया नवऱ्याला गल्लीसमोर खोटं पाडत नसत.

मामा आला. धुतलेला शर्ट, हातात नारळ.

"ती नाही," बाबा म्हणाले. "शहापूरले गेली."

"आजच्या दिवशी?"

"काम निघालं."

"येतीन मंग सांजच्यापर्यंत. बसतो मी." आणि तो ओट्यावर बसला.

राखी बांधेपर्यंत भावाने खायचं नाही, बहिणीनेही नाही, हा नेम ते दोघं पाळत. तो उपाशी होता. आत ती उपाशी होती. मध्ये आम्ही दोघं बापलेक, पोटभर जेवून. दुपार चढली, ओट्यावरची सावली सरकली, तसा तोही सरकून बसला. मागून मामी दोनदा येऊन त्याला बोलावून गेली. मी पाणी दिलं तर म्हणाला, "नोको माय, बाई येऊ दे. केव्हा येते म्हणे?" मी "माहीत नाही" म्हटलं आणि घरात आले. बाबा पेपर उघडून बसले होते. पान उलटत नव्हते.

सुताची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाऊन आईला खोकला जडला होता. आधी दोन छोटे ठसके, मग एक लांबलचक. डोळे बांधून गल्लीत उभं केलं असतं तरी कोणीही तो ओळखला असता. त्या बंद खोलीत तिने तो किती वेळ दाबून धरला असेल कोण जाणे. उन्हं उतरताना खोकला आलाच. आधी दोन छोटे, मग लांब.

बाबांचा पेपर खाली आला. ओट्यावर काहीच हललं नाही. आईला पुन्हा ठसका लागला, या वेळी थांबेचना. मग मामा उठला, नारळ उंबऱ्याच्या आत ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "भाऊजी, बाईले पाणी द्या. ठसका लागला."

आणि तो मागे आपल्या खोलीत गेला.

त्याने काही विचारलं नाही. विचारलं असतं, भांडला असता, तर आम्हाला निदान उलट बोलता आलं असतं. अर्जनवीस काकांना पुढचं काही पाहावंच लागलं नाही. त्या आठवड्यातच मामाने कारध्याला नदीपलीकडे खोली बघितली आणि एका सकाळी सामानाची बैलबंडी दारात उभी राहिली. गल्ली दारादारांतून बघत होती. मामी आईच्या गळ्यात पडली नाही, आईही पुढे झाली नाही. दोघी नुसत्या उभ्या होत्या. मामाने खोल्यांची किल्ली बाबांच्या हातात दिली. मग माझ्याकडे आला आणि सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे वाकला.

मी पाय मागे घेतले. परकराच्या आत ओढले, एकावर एक ठेवले. कुठे ठेवू ते कळेना. तो हसला आणि म्हणाला, "पाय कायले लपवते माय? तुयं काय चुकलं?" त्याने माझ्या पायांपुढच्या जमिनीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

पुढे कायदा आला. करार लिखित हवा, मालकाला घर परत हवं असेल तर त्याने रीतसर कोर्टात मागावं, असलं बरंच काही त्यात होतं. किरायादार घराचा मालक होतो असं एक अक्षर नव्हतं. राखीबद्दल तर नव्हतंच. अर्जनवीस काका म्हणाले, "चला, सावध राहिलेलं बरं." बाबांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मागच्या खोल्यांना कुलूप पडलं ते कितीतरी वर्षं तसंच. कोणी खोली मागायला आलं की बाबा म्हणत, "द्यायची नाही." मामा पुढे मिलचं काम सोडून दिघोरीला परतला असं कानावर आलं. आई दर राखीला सूर्य मावळल्यावर जेवायची. का, ते आम्ही विचारत नसू आणि ती सांगत नसे.

आई गेली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. मी पोचले तर तिला अंघोळ घालून झाली होती आणि बाया खोळंबल्या होत्या. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, त्याशिवाय तिला उचलत नाहीत. "भाऊ नाही हो तिले," कोणीतरी म्हणालं. दुसरी म्हणाली, "घरात लुगड्याचे ढीग हायेत, त्यातलंच एक घाला." खरंच होते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लुगडीच विणली गेली. पण त्या ढिगातलं एकही चालणारं नव्हतं, हे त्या बाईलाही माहीत होतं.

बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. ते एकदम म्हणाले, "दिघोरीले फोन करा."

मी म्हटलं, "बाबा, कोणत्या तोंडानं?"

"माया तोंडानं नाही," बाबा म्हणाले. "तिच्या नावानं करा."

दिघोरी काही जवळ नाही. दुपार चढली, उन्हं उतरली. लोक घाटाकडे निघायची घाई करू लागले, पण बाबा हटले नाहीत. त्या एका दिवशी माझ्या बापाने भीती सोडली, ते आईला दिसलं नाही.

मामा आला. केस पांढरे झाले होते, काखेत पिशवी होती. गल्लीतल्या लोकांनी वाट करून दिली तसा तो सरळ ओट्यापर्यंत आला, चपला काढल्या आणि तिथेच थांबला. दार सताड उघडं होतं. आत त्याची बहीण त्याच्यासाठी खोळंबली होती. तो उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला, बाबांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"भाऊजी, आत येऊ काय?"