शेकाचे खाडे

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत एक पांढरी पावडर भट्टीत भाजायची. कॅन्सरच्या रुग्णाला किती किरणं मिळाली, ते अशा पावडरीवरून मोजता येतं. पण किरणं देणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. म्हणून दर गुरुवारी एसटीने अकोल्याच्या एका रुग्णालयात जायचं. सगळे रुग्ण आटोपले की तंत्रज्ञ माझ्या पुड्या यंत्राखाली ठेवायचा. तोवर रुग्णांच्याच बाकावर बसायचं.

तिथे मूर्तिजापूरकडची एक भाजीवाली यायची. तिच्या गळ्याची कातडी काळी पडली होती.

"तुले कुठं झाला वं?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"मले नाई झाला, मावशी. या पावडरले शेक द्याले आली." किरणांना तिथे सगळे शेकच म्हणत.

"पावडरले?" ती हसली आणि खोकत सुटली. "इथं मानसाचाच नंबर लागत नाई!"

माझे आकडे जुळत नव्हते. तीच पावडर दर आठवड्याला वेगळं सांगायची. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "पुन्हा करा." मी पुन्हा करायची. आवड केव्हाच संपली होती, फक्त पदवी हवी होती.

एका गुरुवारी गेले तर यंत्र सोमवारपासून बंद. मावशी रोज येऊन परत जात होती. त्या दिवशी आम्ही एकाच बसने निघालो.

"चार खाडे झाले," ती म्हणाली. "मांगून भरून देतो म्हनतात. पन मंग तितकंच लागू पडते का? तू शिकून राहिली ना?"

मला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. "विचारून सांगते," म्हटलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मूर्तिजापूर आलं तेव्हा मीच तिला उठवलं.

रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञांना विचारलं. "भरून काढतो, पण अगदी तितकंच नाही," ते म्हणाले. "त्या दिवसांत गाठ वाढत असते."

पुढच्या गुरुवारी मी मावशीला अर्धंच सांगितलं. "थोडा फरक पडते. पन सगळे शेक पुरे करा."

"पुरे तर करतोच. न करून काय करू?"

तिने पुरे केले. नंतर ती दिसली नाही.

पावडरीचा प्रबंध कसाबसा दिला. पीएच.डी.ला मी खाड्यांचाच विषय मागितला. "यात आपलं फिजिक्स कुठे आहे?" सरांनी विचारलं, आणि तीन वेळा आराखडा परत केल्यावर सही केली.

आता अकोल्याच्या त्याच रुग्णालयात रुग्णांची जुनी कार्डं काढून बसते. कोणाचे किती शेक चुकले, कशामुळे. कुठे यंत्र बंद, कुठे ताप, कुठे सोयाबीनची सोंगणी. कारणाची जागा बहुतेक कोरीच असते, मग फोन लावते. कधी दुसरंच कोणी उचलतं आणि म्हणतं, "बाबा तं गेले." मी तारीख विचारून लिहून घेते. त्या दिवशी दुसरा फोन लावणं होत नाही.