शून्याचा खुंटा

जगाची सुरुवात नेमकी कुठून होते, हे छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. जग सुरू होतं माले गावात, मामांच्या घरामागच्या उघड्या गोठ्यात, ज्या बाभळीच्या खुंट्याला त्यांची गाय बांधलेली असते त्याच्या बरोबर मधोमध. तिथून पूर्वेला एक्स, उत्तरेला वाय. पुणे, मुंबई, दिल्ली वगैरे गावं त्या खुंट्यापासून कमीजास्त अंतरावर वसलेली आहेत, एवढंच. घरात कुणाची वादावादी सुरू झाली की मामा हात वर करून म्हणतात, "आदी शून्य कुटं हाय ते ठरवा, मग भांडा."

मामांनी उभी हयात पिरंगुटच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढण्यात घालवली. आधी बोर्ड आणि पेन्सिल होती. मग कॉम्प्युटर आला आणि त्यांच्या वयाच्या लोकांनी कपाळाला हात लावला, तेव्हा हे गृहस्थ पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले. कारण कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचा प्रोग्रॅम, उघडल्याबरोबर पडद्याच्या कोपऱ्यात दोन बाण आपोआप उभे राहिले, एक आडवा आणि एक उभा. मापं कुठून मोजायची आणि कुठल्या दिशेनं, हे सांगणारे बाण. मामा जन्मभर जे कानीकपाळी ओरडत होते, ते या यंत्राला न सांगता ठाऊक होतं. पुष्कळ लोक हे बाण अडगळ समजून लपवून टाकतात. मामांच्या लेखी हा शुद्ध गुन्हा आहे. त्यांच्या हातचं ड्रॉइंग गिअरबॉक्सचं असो की कोंबड्यांच्या खुराड्याचं, त्यावर लाल एक्स आणि हिरवा वाय असायचाच. खिशात सदैव एक लाल आणि एक हिरवं पेन. बिनबाणांचा नकाशा दिसला की त्यांचे हात शिवशिवायला लागतात, मग तो हॉटेलच्या भिंतीवर टांगलेला का असेना. आमच्या लग्नाच्या मांडवाचा नकाशाही त्यांनीच काढला होता, आणि त्यातलं शून्य होतं मी उभा राहणार त्या पाटावर. मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना, नवरीच्या पाठीशी उभे असलेले मामा अंतरपाटावरून मान काढून मला म्हणाले, "जावईबापू, वीतभर वायमदी सरका." मी सरकलो. बोहल्यावरचा माणूस काय सांगाल ते करतो.

तिसरा अक्ष, म्हणजे झेड, कागदातून वर येतो आणि म्हणून दिसत नाही. तो मामा हातानं दाखवतात. उजव्या हाताचा अंगठा एक्स, तर्जनी वाय आणि मधलं बोट झेड, अशी तीन बोटं तीन दिशांना ताणून ते समोरच्याला समजेपर्यंत सोडत नाहीत. एकदा पौडहून एसटीनं येताना शेजारी बसलेल्या मेंढपाळाला ते हेच सांगत होते. कंडक्टरनं तीन बोटं पाहिली आणि तीन तिकिटं फाडली. चालू शिकवणीत अडथळा नको म्हणून मामांनी मुकाट्यानं तिन्ही घेतली. घरी मामींनी विचारलं, "ही दुसरी दोन कुनाची?" मामा म्हणाले, "वायचं आन् झेडचं." मामींनी या माणसाबरोबर चाळीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांनी तिन्ही तिकिटं चुलीत घातली. त्यांचं एकूण मत त्या एकाच वाक्यात सांगतात. "ह्यांचं जग गोठ्यात चालू हुतंय, आन् तितलं शेन मी काडते."

तो खुंटा मामांच्या वडिलांनी ठोकलेला. निवृत्त झाल्यावर मामांनी त्या खुंट्यापासून टेप धरून विहीर, आंबे, चिंच, उकिरडा, सगळं मोजलं आणि कॅडमध्ये उतरवलं. कॅडमध्ये शून्यं दोन असतात. एक आपलं, कुठंही नेऊन ठेवता येणारं. दुसरं जगाचं, ते काही केल्या हलत नाही. आपण जगाच्या शून्यावर असलो की बाणांच्या बेचक्यात एक बारीक चौकोन उमटतो. मामांनी खुंटा जगाच्या शून्यावर ठेवला होता. फाइल उघडून तो चौकोन दाखवताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की मलाही, काही कळत नसताना, आनंद व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी मामांनी गोठ्याकडचा कोपरा माझ्या बायकोला घर बांधायला दिला. तिथं एका जागी उभं राहिलं की दोन टेकड्यांच्या फटीतून धरणाच्या पाण्याची एक पट्टी दिसते. लहानपणी सुट्टीत आली की ती तिथं उभी राहून म्हणायची, "इथं माझं स्वयंपाकघर." ती हे विसरली होती, मामा विसरले नव्हते. घराचं ड्रॉइंग त्यांनी स्वतः काढलं आणि आम्ही ते रीतसर सहीसाठी भूगावच्या एका तरुण इंजिनिअरकडे दिलं. मुलगा टापटिपीचा. घर कागदावर तिरकं पडलेलं त्याला बघवेना, म्हणून त्यानं ते फिरवून सरळ केलं, आणि बाण नजरेला खुपतात म्हणून लपवले. मिस्त्रीनं तो कागद घेतला आणि रस्त्याला समांतर चुन्याची फक्की मारून घर आखलं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवर पांढऱ्या रेघांचं आमचं घर तयार होतं आणि दुपारी पाया खणायला जेसीबी येणार होता. मी या खोलीतून त्या खोलीत हिंडत होतो. तेवढ्यात मामा आले, त्यांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, "ह्यात शून्य कुटं हाय?"

"काका, प्रिंटमध्ये ते लागत नाही," इंजिनिअर म्हणाला.

"लागत न्हाई? मग घर कागदावं हाय. जिमिनीवं कुटं हाय?"

आणि त्यांनी टेप काढला. एक टोक खुंट्यावर माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन सत्तरी ओलांडलेला हा माणूस विहिरीकडे अक्षरशः पळत सुटला. "ताना, जावईबापू, ताना!" त्यांच्या मागून इंजिनिअर, त्याच्या मागून मिस्त्री, आणि मध्ये बावरलेली गाय. पंधरा मिनिटांत निकाल लागला. अख्खं घर फिरलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी पाण्याकडे नव्हे, शेजारच्या शेळ्यांच्या वाड्याकडे बघत होती.

"दादा, रस्त्याला धरून लई झ्याक दिसतंय की," मिस्त्री मामांना म्हणाला. मलाही तेच वाटत होतं. शिवाय एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती आपल्यालाच सुचली या आनंदात मी बोलून गेलो, "मामा, अशा आखणीत तुमचा खुंटा वाचतोय. घर त्याच्या बाहेरून जातंय."

"ते म्या पयलंच बगितलं," मामा म्हणाले आणि पायानं फक्की पुसायला लागले.

नव्या रेघा पडल्या. खुंटा स्वयंपाकघरात आला, खिडकीपासून दोन हातांवर. मामांनी ड्रॉइंग काढतानाच तो तिथं घेतला होता आणि कुणाला बोलले नव्हते. त्यांच्या मूळ ड्रॉइंगमध्ये बाणांचा बेचका नेमका तिथंच होता, पण त्याचा अर्थ आम्हांला कळला नव्हता. जन्मभर खुंट्यावर वैतागलेल्या मामीच पुढे झाल्या. "आवो, आन् खुंटा?"

"माज्या खुंट्यापायी पोरीनं जलमभर शेळ्या बगत भाकरी थापायची व्हय?"

त्यांनी गाय सोडून चिंचेला बांधली. खुंटा त्यांना एकट्याला निघेना, मी हात लावला. तो निघाला तेव्हा मामांनी त्याची माती हातानं पुसली, आणि त्या माणसाची इतकी वर्षं थट्टा केल्याची मला फार लाज वाटली.

घर झालं. खुंटा आता चिंचेखाली आहे. मी एकदा विचारलं, "मग फाइलमधलं शून्य तिकडे नेलंत का?" मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "खुंटा गाईचा व्हता, जावईबापू. शून्य हाय तितंच हाय." बायकोनं फरशी बसवणाऱ्याकडून स्वयंपाकघरात, खुंट्याच्या जुन्या जागी, एक लाल आणि एक हिरवी पट्टी बसवून घेतली. मामा तिथंच पाट टाकून, पाण्याकडे तोंड करून, सकाळचा चहा घेतात. मात्र हल्ली गुडघे दुखतात, रोज येणं होत नाही. ते येत नाहीत त्या दिवशीही बायको पाट उचलत नाही. आम्ही दोघंही त्याला वळसा घालून वावरतो, पूर्वी तिथं गाय फिरायची तसे.