इंजिनवरचं कुंकू

आज दसऱ्याला लेकीच्या स्कूटरवर कुंकू लावताना कोडोलीचं ते गुऱ्हाळ आठवलं.

वडिलांनी आमची जुनी जीप पुन्हा उभी करायला काढली होती. तिचं विकलेलं इंजिन त्या गुऱ्हाळावर उसाचा चरक फिरवतंय असं कळलं, म्हणून आम्ही ते परत मागायला गेलो. काहिलीतल्या उकळत्या रसाच्या वासात वडिलांनी रॉकेलच्या बोळ्यानं इंजिनवरचं काळं पुसलं. ठोकलेला नंबर वर आला, पण शेवटचे आकडे पार झिजलेले.

“असली इंजनं लई हायत, पावणं,” गुऱ्हाळवाले म्हणाले.

आईनं बांगडीतली पिन काढली आणि एका आकड्याची खाच कोरली. आतून लाल भुकटी निघाली. “माझं कुंकू हाय हे. दर दसऱ्याला लावत हुते मी.”

गुऱ्हाळवाल्यांची बायको शांतपणे म्हणाली, “मीबी लावती की, वैनी.”

आई हरली असं वाटून मला त्या बाईचा भयंकर राग आला.

निघताना त्या बाईंनी आईला हळदीकुंकू लावलं. आईनं त्यांच्याच करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेतलं, वाकून त्या झिजलेल्या आकड्यांना लावलं आणि वडिलांना म्हणाली, “चला.”