वानखडे बाई आणि अनलिमिटेड

इंटरनेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला की वानखडे बाई तक्रार सांगायच्या आधी समोरच्याची हजेरी घ्यायच्या. "नाव सांग. पूर्ण सांग, बापाचं घेऊन. गाव कोनतं? शिकला कुठं?" पलीकडचा पोरगा पाठ केलेलं वाक्य म्हणायचा, "मॅडम, मी आपली काय सहाय्यता करू शकतो?" बाई म्हणायच्या, "सहाय्यता नंतर कर बापू. आधी तू कोन हायेस ते तं समजू दे मले." अर्धे पोरगे घाबरून फोन ठेवायचे. उरलेले आपलं नाव, बापाचं नाव, गावच्या नदीचं नाव सांगून मोकळे व्हायचे आणि तक्रार राहूनच जायची.

बाई अकोल्यात आमच्या घराला लागून राहायच्या. शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं होतं, त्यामुळे माझे केस पांढरे झाले तरी मी त्यांच्यासाठी 'दिल्या'च होतो. अशुद्ध लिहिणं हा त्यांच्या लेखी फौजदारी गुन्हा होता. बिलाची मुदत संपली की कंपनीचा मेसेज यायचा, 'आपली सेवा खंडीत करण्यात येईल.' बाई ती दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून मेसेज परत पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, 'सेवा खंडित करा, पण शुद्ध करा.'

नोकरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्या बाईंनी कधी घरी काढल्या नाहीत. टेपरेकॉर्डर घेऊन त्या एस.टी.नं बाळापूर, पातूरकडच्या खेड्यांत जायच्या आणि बायकांची गाणी भरून आणायच्या. जात्यावरची, भुलाबाईची, लग्नातल्या उखाळ्यापाखाळ्यांची. त्यांच्या कपाटात साड्या कमी आणि कॅसेटी जास्त होत्या. निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या भाच्यानं, अनिकेतनं, हे सगळं कॉम्प्युटरवर चढवून दिलं. फाइली झाल्या अजस्र. मग त्यानंच फाइल शेअरिंग शिकवलं. बाईंच्या कॉम्प्युटरवरून गाणं तुकड्या-तुकड्यानं दुसऱ्या घरी जायचं, आणि ज्या घरी पोचलं ते घर पुढच्याला द्यायला लागायचं. बाईंना हे एका मिनिटात कळलं. "म्हंजे इरजन," त्या म्हणाल्या. "आपलं दही कमी होत नाई अन् शेजारनीचं लागते. याच्यात शिकवाचं काय होतं रे?"

या देवघेवीसाठी त्यांनी झपाटा ब्रॉडबँडचा 'अनलिमिटेड' प्लॅन घेतला. जाहिरातीत एक चित्ता धावत होता. पहिले काही महिने गाणी खरोखर धावली. नागपूरची एक प्राध्यापिका, पुण्यातली वऱ्हाडी सून, दुबईत नोकरीला गेलेला बाळापूरचा एक पोट्टा, सगळ्यांकडे बाईंचं दही लागलं. मग एके दिवशी गाणी रांगायला लागली. गंमत म्हणजे बाकी सगळं ठणठणीत. माझ्या घरी त्याच कंपनीवर क्रिकेट न अडकता दिसायचं. त्याच कनेक्शनवर बाईंच्या मोबाइलमध्ये शेजारणी सिनेमे बघून जायच्या. फक्त गाणी तेवढी चिखलात रुतलेली.

कंपनीनं आपल्या दुरुस्तीवाल्या पोराला, गजाननला, पाठवलं. त्यानं खिशातून फोन काढला, स्पीड टेस्ट लावली, काटा गर्रकन फिरला. तो प्रसन्न होऊन म्हणाला, "बाई, स्पीड तं फुल हाये तुमची."

"मंग गाणी काऊन जाऊन नाई राह्यली?"

"ते मले नाई सांगता येत. पन टेस्ट पाहा ना, टेस्ट एकदम ओके हाये."

"त्या टेस्टले मी काय जेवू घालू? जा, चहा घे अन् जा."

अनिकेतनं अमरावतीहून खरी गोम सांगितली. वायरीतून काय चाललंय ते कंपनी ओळखते आणि शेअरिंगची फाइल दिसली की तिचाच गळा आवळते. बाईंचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनी अडलेली एक फाइल, त्याच कॉम्प्युटरवरून, शेअरिंगशिवाय सरळ अनिकेतच्या ऑफिसच्या सर्व्हरवर पाठवून बघितली. सटकन गेली. तीच शेअरिंगनं लावली, तर जेवण झालं, भांडी झाली, तरी जागची हलली नाही. बाईंनी फोन लावला. या वेळी हजेरी न घेताच त्या मुद्द्यावर आल्या. पलीकडचा साहेब थोडा वरचा असावा, कारण तो घाबरला नाही. "मॅडम, फाइल शेअरिंग कोण करतं माहितीये ना? पायरेटेड पिक्चरवाले. आमच्या प्रामाणिक ग्राहकांना त्याचा त्रास होतो."

बाईंनी फोन खाली ठेवला. मी समोरच बसलो होतो.

"दिल्या, मले चोर म्हन्तलं त्यानं," त्या म्हणाल्या.

नेमकी त्याच दिवसांत पातूरहून कुसुमची विनवणी सुरू होती. तिची आई गोदाबाई म्हणजे बाईंच्या संग्रहातला सगळ्यात खणखणीत गळा. मळ्यात भाजी पिकवायची, बाजारात विकायची आणि जात्यावर बसली की थांबायची नाही. आता म्हातारीची नजर गेली होती, खाट धरली होती आणि 'माहे गाने लावा' एवढं एकच मागणं होतं. फाइल कुसुमच्या लेकाच्या कॉम्प्युटरवर अर्धीसुद्धा उतरत नव्हती. मी म्हटलं, "बाई, पेनड्राइव्ह घेऊन जाऊ ना आपण एस.टी.नं."

"जाऊच," बाई म्हणाल्या. "पन दुबईले कोनती एस.टी. जाते ते सांगून ठेव."

पातूरला खाटेशेजारी आम्ही गाणं लावलं. गोदाबाईनं डोळे मिटून सगळं ऐकलं. कुसुम पदरानं डोळे पुसत होती. गाणं संपल्यावर म्हातारी म्हणाली, "एक कडवं राह्यलं याच्यात."

"कोनतं?" बाईंनी विचारलं.

"तुमी टेप घेऊन आल्या तवा सासू बसली व्हती ना बाजूले. कसं म्हनू?" आणि दात नसलेल्या तोंडानं, सासू वारल्याची पुरती खात्री असल्यागत, म्हातारीनं ते मोकळ्या गळ्यानं म्हटलं:

"सासू माही गुळाची भेली, काय सांगू तिची गोडी
मुंगळेच मुंगळे आतून निंगे, जवा सून भेली फोडी."

कुसुम रडता रडता हसायला लागली. बाईंनी मोबाइलवर ते भरून घेतलं. परतीच्या बसमध्ये त्या मला म्हणाल्या, "इतकी वर्षं दाबून ठेवलेलं कडवं बाहेर आलं, अन् हे चोट्टे ते अडवून राह्यले."

थोड्याच दिवसांत झपाटानं अकोल्याच्या एका मंगल कार्यालयात ग्राहक मेळावा भरवला. पुण्याहून साहेब आले होते. स्टेजवर चित्ता होता, समोर उपमा होता. साहेबांचं भाषण संपलं, 'काही शंका?' असं त्यांनी सौजन्यानं विचारलं आणि बाई उठल्या.

"अनलिमिटेडची व्याख्या सांगा."

"म्हणजे... अमर्याद. अर्थात योग्य वापराच्या धोरणाला अधीन राहून."

"मर्यादा हाये का नाई? हो का नाई, एका शब्दात."

"आहे, पण ती नेटवर्क व्यवस्थापनासाठी—"

"बसा खाली."

आणि साहेब खरोखर बसले! सभागृहात हशा पिकला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ते लालबुंद होऊन उठले आणि फोनवरचीच री ओढली. शेअरिंग करणारे सिनेमे चोरतात, कंपनीला ते रोखावंच लागतं. बाई शांतपणे पुढं गेल्या, माइकला मोबाइल लावला. गोदाबाईची सासू, गुळाची भेली, मुंगळे, सगळं सभागृहभर घुमलं. मागच्या रांगेतल्या बायका टाळ्या पिटायला लागल्या. बाईंनी विचारलं, "कोनत्या पिक्चरातलं हाये हे? चोरी झाली ना? मंग मालक सांगा."

साहेबांनी उत्तर म्हणून सगळ्यांना उपमा घेण्याची विनंती केली. तेवढ्यात बाळापूरचा एक फोटोग्राफर उठला. लग्नाचे व्हिडिओ तो याच पद्धतीनं गिऱ्हाइकांना पाठवायचा, त्याचंही तेच रडगाणं होतं. बघता बघता अजून चारजण उठले. उपमा गार झाला.

मेळाव्यानंतर बाईंची गाणी एकाएकी धावायला लागली. मी पेढे घेऊन गेलो, तर बाई फणफणत होत्या. फोटोग्राफरचा फोन आला होता, त्याचं काहीच सुटलं नव्हतं. सुटलं होतं फक्त बाईंचं. "वर्गात गलका करनाऱ्या पोट्टीच्या हातात चॉकलेट देऊन चूप बसवते का मले?" त्यांनी त्याच दिवशी कनेक्शन तोडलं. गजानन वायर काढायला आला तेव्हा त्याला पेढा दिला.

दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीत चित्त्याऐवजी रॉकेट होतं. तिथं महिनाभरात गाणी पुन्हा रांगायला लागली. बाईंनी फोन उचलला आणि लढाई नव्यानं सुरू केली. ती त्या जिंकल्या असं मी म्हणणार नाही. कंपन्यांनी 'अनलिमिटेड' खालची अक्षरं जरा अजून बारीक केली, एवढाच फरक पडला. बाई मात्र तोवर भिंग आणून वाचायला लागल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या, झोपेतच. तेरावं झाल्यावर अनिकेतनं घर आवरलं, कॅसेटी खोक्यांत भरल्या आणि कॉम्प्युटर बंद करून अमरावतीला नेला. मला वाटलं, गाणीही गेली. काही आठवड्यांनी सहज, आपलं बघावं म्हणून, मी घरच्या कॉम्प्युटरवर शेअरिंगनं गोदाबाईचं गाणं मागितलं. बराच वेळ काही झालं नाही. मग एक तुकडा आला. कुठून आला कोण जाणे. पातूरहून, दुबईहून, की नाव-गाव न कळलेल्या कुणाच्या घरून. कंपनीनं तेही रांगायलाच लावलं. दिवस मावळेपर्यंत रांगत रांगत ते पूर्ण आलं.

मी कॉम्प्युटर बंद केला नाही. बायको अधूनमधून पुटपुटते, "दिवसभर हे कशासाठी चालू ठेवलं? कोण बघतंय त्यात?"

"बघत नाही कोणी," मी म्हणतो. "मागत असेल."