शेवंतीचे फुटवे

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते शेवंतीचे फुटवे लावायचं. बायको जुन्या झाडाच्या बुडातून एकेक फुटवा मुळासकट सोडवत होती, मी तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती भरत होतो. "एवढी दाबू नका, गुदमरतील ना ते," ती खेकसली. "मग तूच भर," मी म्हणालो. त्याच संध्याकाळी ती बसल्या जागी गेली.

फुटवे मात्र तरारले. बघितलं की संताप येतो. बुडातून तोडलेलं झाड डबाभर मातीत परत रुजतं, मग माणसाचं का नाही तसं? देव असेल तर त्यानं समोर येऊन सांगावं.

काल धाकटी बहीण आली. म्हणाली, "दादा, वहिनीच उगवलीय बघ." मी म्हणालो, "मग सांग तिला चहा टाकायला." ती रडायला लागली. मला वाईटही वाटलं नाही. सगळे डबे उकिरड्यावर फेकायचं ठरवून झोपलो.

सकाळी पहिला डबा उचलला, तर शेंडे नुसतेच लांबलेले. शेवंतीचे शेंडे वेळेवर खुडले नाहीत तर ती उंच वाढून आडवी पडते, फुलंही कमी धरते. दरवर्षी ते बायकोच खुडायची. मी डबा खाली ठेवला आणि तिला शिव्या घालत एकेक शेंडा खुडत बसलो.