चाखून पाठवणाऱ्या नसीमआपा

नसीमआपांच्या हातात लोणच्याची बरणी दिली की त्या आधी झाकण उघडत, बोट बुडवत आणि चाटून बघत. चकल्यांचा डबा दिला तर एक चकली मोडून खात. गोधडी दिली तर तिच्या कडा चाचपत, शंका आलीच तर चार टाके उसवून आत डोकावत. आणि हे सगळं तुमच्या देखत. मला पहिल्या वेळी रागच आला होता. आखातातल्या भावाला पाठवायला मी मेतकूट नेलं होतं. आपांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. अन् तोंड नको पाडू. विश्वास हाय म्हणून खोलते. नसता तर उंबऱ्यावरूनच परत लावली असती तुला."

इथली नावं मी बदलली आहेत. गल्लीचं नावही सांगणार नाही. शहर संभाजीनगर, एवढं पुरे.

आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी आखातात आहे. वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटावर राबून कंटाळलेली पोरं तिकडे कोणी हॉटेलात, कोणी गाडीवर लागली. पोरं गेली, पण आयांचे हात थांबेनात. कुरडया होत, पापड होत, आणि मग प्रश्न पडे, पाठवायचं कसं? कुरिअरवाल्याचा भाव ऐकून माणसं डबा उराशी धरून परत येत. पोस्टात लोणच्याला नकार मिळे. मुंबईहून बोटीनं जाणारा माल स्वस्त, पण तो पोचेपर्यंत शेवयांना पोरकिडे पडत. सगळ्यात स्वस्त वाट एकच, जाणारा माणूस. आणि आमच्या गल्लीचा जाणारा माणूस म्हणजे आपांचा जावेद.

तो तिकडे एका गोदामात कामाला होता. सुट्टी संपवून निघायचा, त्याच्या आदल्या आठवड्यात आपांच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. आपा कोणाकडून पैसा घेत नसत. आपल्या पोराच्या सामानातलं वजन गल्लीला वाटून टाकत. जावेद कुरकुरे, "अम्मी, मेरे कपडे किधर रखूं?" आपा म्हणत, "कपडे तिथं भेटतेत. कुरडई नाय भेटत." शेवंताबाईंनी लेकीच्या नव्या घरासाठी पितळेची लहानशी बुद्धमूर्ती दिली, तेव्हा आपांनी ती जावेदच्या ईदच्या कुर्त्यात गुंडाळली. कुर्ता चुरगळेल, असं मी म्हणाले. "कुर्त्याला इस्त्री करता येती. मूर्तीचा कान तुटला तर काय करनेका?"

ह्या शेवंताबाई पलीकडच्या घरातल्या. एकुलती एक लेक सुजाता, तिचा नवरा तिकडे एका हॉटेलात स्वयंपाकी. सुजाता बाळंत झाली आणि शेवंताबाईंना काही जाता आलं नाही. मग त्यांनी डिंकाचे लाडू केले. मी तिथंच होते. आपांनी नेहमीसारखा एक लाडू फोडला, सावकाश खाल्ला. "डिंक बरोबर फुललाय. खसखस बी मस्त भाजली बाई तुम्ही." शेवंताबाई खुलल्या. म्हणाल्या, "पोरीला कंबरेला ताकद पायजे ना, आपा. सढळ हातानं घातली." जावेदनं डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला.

आपांना भीती होती ती लपवलेल्या पुड्यांची. कोणाच्या तरी भाच्याला चपलेच्या तळव्यात काही शिवून दिलं होतं, हे त्यांनी ऐकलेलं. म्हणून तो सगळा उसवण्याचा, चाखण्याचा खटाटोप. लपवलेलं तेवढं वाईट आणि उघड्यावरचं चांगलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. खसखस म्हणजे अफूचं बी आणि ती तिकडे अमली मालात धरतात, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आपांनी खसखस बरोबर ओळखली, वाखाणली आणि पोराबरोबर पाठवली.

जावेदला तिकडच्या विमानतळावरच धरलं.

त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं तिकडे वकील गाठला. वकिलाचं पत्र इंग्रजीत येई आणि मी इंग्रजी शिकवते, म्हणून आपा फोन घेऊन माझ्याकडे आल्या. त्यामुळे गल्लीत हे फक्त मला कळलं. जावेदनं तिकडे सांगितलं होतं की लाडू माझ्या अम्मीनं माझ्यासाठी केले. वकिलाला ते खरं वाटत नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, करणारी बाई दुसरी कोणी असेल तर तिनं लिहून द्यावं की आत काय आहे हे नेणाऱ्याला माहीत नव्हतं. शिक्षा कमी होण्याची थोडी आशा आहे.

मी पत्र वाचून दाखवलं आणि चप्पल घालून शेवंताबाईंकडे निघाले. आपांनी माझा दंड धरला.

"बस खाली. लिही, लाडू म्या केले. जावेदच्या आईनं."

"आपा, हे खोटं आहे."

"त्यानं सांगितलं तेच म्या सांगते. शेवंताबाईनं लिहिलं तर ते विचारतील, कुणासाठी? सुजाताचं नाव निघंल. ओली बाळंतीण हाय पोर. तिला अन् नवऱ्याला उचललं तर लेकराला कोण बघंल?"

"आणि जावेदला कोण बघेल?"

आपा म्हणाल्या, "चाखलं कुणी? म्या. हौ म्हणले कुणी? म्या. लिही तू."

मी लिहिलं. मायलेकरांचं तोवर एकदाही बोलणं झालेलं नव्हतं, तरी दोघांचं उत्तर एकच होतं. मला त्या दोघांचा फार राग आला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

जावेदला शिक्षा झाली, काही वर्षांची. गल्लीला आपांनी सांगितलं, बॅग विमानतळावर हरवली. ज्यांचे डबे गेले, त्यांच्यातला कोणी म्हणाला, हरवली कसली, विकून खाल्लं असेल. शेवंताबाई मात्र भल्या. "जाऊ द्या आपा, लाडूच व्हते," असं म्हणून त्यांनी वर आपांचीच समजूत घातली. आपांनी मान डोलावली. पुढे कोणी डबा घेऊन आलं तर त्या म्हणत, "जावेदला मालक सुट्टी देत नाय. पाठवू कुणासंगं?" हळूहळू लोक यायचे थांबले. तुरुंगातून फोन कधी येईल याचा नेम नसे, म्हणून त्या फोन पदरात बांधून झोपत. साखर वाढली, पायाची जखम चिघळली. दवाखान्यात मी एकदा म्हणाले, निदान आता तरी शेवंताबाईंना सांगू द्या, तुमच्याजवळ येऊन बसतील. त्या म्हणाल्या, "कळल्यावर ती लेकीसाठी परत कधी काय करंल का? आईचा हात धरू नये गं."

त्यानंतर चार-सहा दिवसांतच आपा गेल्या. ईदला तिकडे काही कैद्यांना माफी देऊन सोडतात, त्या माफीची वाट बघत होत्या. तिच्यात जावेदचं नाव येईल, असं वकील म्हणाला होता.

जनाजा उचलला. पुरुष कब्रस्तानाकडे गेले, आम्ही बायका घरातच बसून राहिलो. शेवंताबाई सकाळपासून आल्या होत्या. पाणी त्यांनीच भरलं, आल्यागेल्याला चहाही त्यांनीच केला. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. गर्दी ओसरल्यावर माझ्याजवळ येऊन टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जावेद आला नाय?"

"सुट्टी नाही मिळाली त्याला," मी म्हणाले.

"आईच्या मातीलाबी?" शेवंताबाईंनी पदरानं डोळे पुसले. "इतकी देवमाणूस बाई. पोरगं मात्र पोटी दगड निघालं. व्हय का नाय?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हो म्हणाले.